‘ट्रोल’ : गळापासून जल्पापर्यंत

‘ट्रोल’ हा शब्द आता मराठीला परका राहिलेला नाही. ‘त्याला ट्रोल केले’, ‘ट्रोलधाड आली’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांतून सर्रास आढळतात. समाजमाध्यमांवर एखाद्याच्या मागे हात धुऊन लागणारा, शिवीगाळ करणारा इसम, हा त्याचा आपल्याकडे रूढ झालेला अर्थ. परंतु या शब्दाचा आरंभ शिवीगाळीत नव्हता, थट्टेत होता. त्या थट्टेचे पुढे काय झाले, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाला उद्बोधक ठरेल असे आम्हांला वाटते.

इंग्रजीत ‘ट्रोल’ असे दोन निराळे शब्द आहेत. एक क्रियापद : संथ चालणाऱ्या होडीमागे आमिष लावलेली दोरी सोडून मासा गळाला लागण्याची वाट पाहणे. दुसरे नाम : स्कँडिनेव्हियन लोककथांतला, डोंगरात वा पुलाखाली राहणारा राक्षस. इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ (१८६७) या नाटकात अशा ट्रोलांचा अख्खा दरबारच भरलेला आहे.

आंतरजालीय चर्चेत आधी अवतरला तो मासेमारीतला ट्रोल. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ‘यूजनेट’ची कल्पना मांडली आणि त्यातून पुढे विषयवार चर्चागट उभे राहिले. १९९०च्या दशकाच्या आरंभी शहरी दंतकथांना वाहिलेल्या गटात एक खेळ रूढ होता. जुना सभासद मुद्दाम एखादी ढोबळ चूक करी, किंवा शंभरदा चघळलेली शंका भोळेपणाचा आव आणून विचारी. नवखा तावातावाने दुरुस्ती करायला धावे. जाणते मात्र गालातल्या गालात हसत. गळाला लागलेला हा मासा शहाणा झाला, की तोही जाणत्यांत जमा होई. ही एक प्रकारची दीक्षाच होती. समान स्मृती असलेला समूह असल्याखेरीज असा विनोद संभवत नाही.

ही स्मृती टिकवणे शक्य होते, कारण नवागतांची संख्या मर्यादित होती. दर सप्टेंबरात अमेरिकन विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत आणि काही आठवड्यांत रीतिरिवाज शिकून घेत. १९९३-९४च्या सुमारास व्यापारी सेवांनी आपल्या असंख्य ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले. तेव्हापासूनच्या काळाला जुन्या मंडळींनी ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. दीक्षा देणारे थोडे, येणारे अगणित. खेळाचे नियम ठाऊक नसलेल्यांच्या गर्दीत गळ टाकणे म्हणजे निव्वळ फसवणूक ठरू लागले. ट्रोलिंग हा बहुतेक खेळाडूंच्या संमतीविना चालणारा ओळखीचा खेळ आहे, असे जूडिथ डोनाथ यांनी १९९९ साली नोंदवले, ते म्हणूनच मार्मिक आहे. हळूहळू गळ विस्मरणात गेला आणि उच्चारसाम्यामुळे पुलाखालचा राक्षस त्या जागी येऊन बसला. क्रियेचे नाव माणसाला चिकटले.

मराठीत हा शब्द आला तो या स्थित्यंतरानंतर. मासेमारीची छटा आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही; उलट ‘धाड’ जोडून आपण त्याला झुंडीचे रूप दिले. आपल्या वृत्तपत्रीय लेखनात त्याला ‘जल्पक’ असा प्रतिशब्दही वापरला गेला. तो अधिक विचार करण्याजोगा आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले : सत्यशोधनासाठी वाद, छलादी उपायांनीही जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. या निकषावर जुना गळवाला जल्पक नव्हे, कारण त्याला जिंकायचे नव्हते. आजचा धाडकरी तर वितंडेच्याही खाली उतरतो. तो खंडनसुद्धा करीत नाही.

मग या काथ्याकुटाचे प्रयोजन काय? प्रयोजन असे, की हा शब्द आता उलट्या दिशेनेही चालवला जातो. अप्रिय प्रश्न विचारणाऱ्याला ‘ट्रोल’ म्हटले, की त्याला उत्तर देण्याची जबाबदारी टळते. साहित्यव्यवहारात परखड समीक्षेला असे लेबल लावणे सोपे आहे. धाडीपासून लेखकाचे रक्षण व्हायलाच हवे. पण धाड आणि वाद यांतला भेद सांगणारे शब्द आपण पुसून टाकले, तर आपल्यापाशी वाद घालायला जागाच उरणार नाही. नैयायिकांनी तीन खाने केले होते. आपण एकावर भागवू नये.