आधी ओढ, मग मोजमाप

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हे त्याचे सूत्र. इथे मुले बांधतात तो घुमट त्या सूत्राचा चांगला पुरावा आहे. लोखंडी अँगलचे तुकडे बोल्टने त्रिकोणात जोडायचे, वर जाळी ताणायची आणि सिमेंटचा गिलावा द्यायचा. चौकोनी चौकट कोपऱ्यावर रेटली की तिरकी होते, त्रिकोण मात्र हलत नाही. तो तिरका व्हायचा तर त्याची एखादी बाजू लांबावी किंवा आखडावी लागते, आणि लोखंड त्याला विरोध करते. लांबीतला हा फरक मूळ लांबीच्या प्रमाणात मोजला की ती विकृती, आणि आतला विरोध छेदाच्या क्षेत्रफळाने भागला की ते प्रतिबल.

बोलीत दोन्हींना आपण ‘ताण’च म्हणतो. हा निव्वळ अडाणीपणा नव्हे, कारण विज्ञानातही या दोन कल्पना वेगळ्या व्हायला फार काळ लागला. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये स्प्रिंगा आणि तारांना वजने टांगून नियम मांडला, की जेवढी ओढ, त्या प्रमाणात वाढ. पदार्थाच्या आत, कोणत्याही काल्पनिक छेदावर काय घडते, हे फ्रेंच गणिती कोशीने मांडले ते थेट १८२२ मध्ये. जाड दांडा जास्त भार पेलतो हे गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहिले होते, हे खरे. पण तो दांड्याचा गुण होता. पदार्थाच्या प्रत्येक कणाला लागू पडणारी राशी त्यातून अजून घडायची होती. म्हणजे या शास्त्रातही हाताने घेतलेला अनुभव आधी आला आणि व्याख्या मागून. पाबळची शिक्षणपद्धत याच क्रमाने चालते.

यावर कोणी विचारील, हाताला कळते तर सूत्र कशाला? एक मीटर लांब, १० मिलीमीटर जाडीच्या लोखंडी सळईला ५०० किलो टांगले तर ती जेमतेम ०.३ मिलीमीटर लांबते. डोळ्याला ते दिसत नाही. हाताच्या अनुभवाची मर्यादा ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपाने फार मोठी किंमत घेऊन दाखवली. दगडमातीच्या जाड भिंती पिढ्यान्‌पिढ्या वजनाचा दाब सोसत आल्या होत्या. भूकंपाने त्यांना आडवे हादरवले तेव्हा दगडांना एकमेकांशी धरून ठेवणारे काहीच नव्हते. दाबाचा अनुभव होता, ओढीचा नव्हता. पाबळच्या घुमटात ती ओढ लोखंड आणि जाळी घेतात. बोल्ट आवळणाऱ्या मुलाला त्रिकोणाची ताकद हाताला जाणवते. अँगल किती जाडीचा हवा, हे मात्र त्याला प्रतिबलाचे गणितच सांगते, आणि ते त्याला शिकवलेच पाहिजे.