नेत्रशोथावरील स्टेरॉइड उपचार
डोळ्याच्या ऊतकांत शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न झाला असता लाली, वेदना, प्रकाश सहन न होणे व दृष्टिमांद्य ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळतात. शोथ डोळ्याच्या पुढील भागात, म्हणजे परितारिका व तिच्या लगतच्या ऊतकांत असू शकतो किंवा मागील भागात, म्हणजे रंजितपटल व जालपटल यांत असू शकतो. जालपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूत द्रव साचून सूज आल्यास वाचन, चेहरे ओळखणे यांसारखी सूक्ष्म दृष्टीची कामे अवघड होतात. स्टेरॉइड औषधे शोथ शमवितात, मात्र त्याचे मूळ कारण नाहीसे करीत नाहीत. म्हणून या उपचारांची तुलना करताना शोथ किती लवकर ओसरला एवढेच पाहून भागत नाही. डोळ्याला त्याची काय किंमत मोजावी लागली व दृष्टी किती वर्षे टिकली, हेही पाहावे लागते.

पूर्वीचे उपचार : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यांच्या हाती मर्यादित साधने होती. परितारिका भिंगाला चिकटू नये म्हणून ॲट्रोपीन घालून बाहुली विस्तृत ठेवीत. सोबत शेक व सॅलिसिलेटे देत. विषमज्वराची लस शिरेतून टोचून मुद्दाम ताप आणण्याची पद्धतही रूढ होती. शरीरात अन्यत्र दडलेल्या जंतुसंसर्गामुळे डोळा बिघडतो, या समजुतीने अनेक रुग्णांचे दात व गलग्रंथीही काढल्या जात.

कॉर्टिसोनाचा उदय : सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णास अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील कॉर्टिसोन हे हॉर्मोन टोचले. त्याचा गुण विलक्षण होता. १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळाले. त्याच वर्षी बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील ॲलन वुड्स यांनी नेत्रशोथावरील या औषधाच्या वापराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढील दशकात अधिक प्रभावी संयुगे तयार झाली. हायड्रोकॉर्टिसोनाच्या तुलनेने प्रेडनिसोलोनाची शोथरोधी शक्ती सुमारे ४ पट, तर डेक्सामेथासोनाची २५ पट किंवा त्याहूनही अधिक आहे.

दुष्परिणामांची ओळख : या यशाची दुसरी बाजू लवकरच दिसू लागली. १९५४ मध्ये बेल्जियमचे झ्यूल फ्रान्स्वा यांनी कॉर्टिसोनाचे थेंब दीर्घकाळ वापरल्याने काचबिंदू होत असल्याचे निदर्शनास आणले. १९६० मध्ये, पोटातून स्टेरॉइडे घेणाऱ्या संधिशोथाच्या रुग्णांत भिंगाच्या मागील बाजूस मोतीबिंदू होत असल्याची नोंद झाली. बर्नार्ड बेकर व मन्सूर आर्माली यांच्या १९६३ च्या सुमाराच्या अभ्यासांवरून असे दिसून आले, की थेंबांच्या काही आठवड्यांच्या वापराने सुमारे एकतृतीयांश लोकांत नेत्रदाब मध्यम प्रमाणात व सुमारे ५% लोकांत पुष्कळच वाढतो. डोळ्यातील द्रवाचा निचरा करणाऱ्या जाळीदार ऊतकातील अडथळा वाढल्याने असे होते. ही वाढ बहुधा वेदनारहित असल्याने रुग्णाच्या ध्यानात येत नाही. हर्पिस विषाणूमुळे स्वच्छमंडलावर झालेला व्रण स्टेरॉइडाने चिघळतो, हेही याच काळात स्पष्ट झाले.

औषध पोचविण्याचे मार्ग : थेंब पुढील भागातील शोथावर गुणकारी असले, तरी मागील भागापर्यंत पुरेशा प्रमाणात पोचत नाहीत. पोटातून दिलेले औषध तेथे पोचते. परंतु मधुमेह, रक्तदाबवाढ, अस्थींची ठिसूळता व संसर्गाचा धोका सर्व शरीरास सोसावा लागतो. यावर उपाय म्हणून नेत्रगोलाभोवती अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्याची पद्धत आली. १९८० च्या सुमारास रॉबर्ट मॅखेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायामसिनोलोन थेट काचाभ द्रवात टोचण्याचे प्रयोग सशांवर केले. पीतबिंदूच्या सुजेवर या पद्धतीचा प्रसार २००० नंतर झाला. पुढे औषध सावकाश सोडणारी रोपणे आली. सुमारे अडीच वर्षे टिकणाऱ्या फ्लुओसिनोलोनाच्या रोपणास अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. डेक्सामेथासोनाच्या ०.७ मिग्रॅ. च्या, डोळ्यातच विरून जाणाऱ्या कांडीस २००९ मध्ये जालपटलाच्या नीलेतील अडथळ्यामुळे येणाऱ्या सुजेसाठी व २०१० मध्ये मागील भागाच्या शोथासाठी मान्यता मिळाली.

तुलनात्मक चाचण्या : शोथजन्य पीतबिंदू-सुजेवरील तीन उपचारांची तुलना करणाऱ्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १९२ रुग्ण होते. आठ आठवड्यांनी पीतबिंदूची जाडी नेत्रगोलाभोवती दिलेल्या ट्रायामसिनोलोनाने २३%, काचाभ द्रवातील ट्रायामसिनोलोनाने ३९% व डेक्सामेथासोनाच्या रोपणाने ४६% कमी झाली. डोळ्याच्या आतील दोन्ही उपचारांनी दृष्टीही अधिक सुधारली. मात्र त्यांत नेत्रदाब वाढण्याचा धोका अधिक होता.

दुसऱ्या चाचणीत २५५ रुग्णांपैकी काहींना फ्लुओसिनोलोनाचे रोपण व इतरांना पोटातून स्टेरॉइड आणि गरजेनुसार प्रतिरक्षादमनकारी औषधे दिली होती. दोन वर्षांनी (२०११) रोपणाने शोथ अधिक आटोक्यात आला होता. परंतु दोन्ही गटांच्या दृष्टीत लक्षणीय फरक नव्हता. रोपण केलेल्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया व काचबिंदू यांचे प्रमाण मात्र बरेच जास्त होते. सात वर्षांनंतरचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोटातून औषधे घेणाऱ्यांची दृष्टी सरासरी सुमारे ७ अक्षरांनी सरस ठरली. अल्पकाळात सरस वाटणारा उपचार दीर्घकाळात तसाच ठरेल असे नाही, हा या चाचणीचा मुख्य बोध होय.

भारतातील स्थिती : भारतात क्षयरोग हे नेत्रशोथाचे महत्त्वाचे कारण असल्याने, स्टेरॉइड देण्यापूर्वी संसर्गाची शक्यता पडताळणे आवश्यक असते. डोळ्यांच्या ॲलर्जीने खाज व लाली येणाऱ्या मुलांच्या बाबतीत वेगळाच धोका संभवतो. स्टेरॉइडाच्या थेंबांनी त्वरित आराम पडतो, म्हणून पालक तेच थेंब दुकानातून पुनःपुन्हा आणतात. चिठ्ठीशिवाय त्यांच्या विक्रीस कायद्याने मनाई असूनही हा प्रकार घडतो व काही मुलांची दृष्टी काचबिंदूमुळे कायमची जाते. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करता येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. म्हणून स्टेरॉइड कोणतेही व कोणत्याही मार्गाने दिलेले असो, नेत्रदाबाची नियमित तपासणी व औषधाची मात्रा वैद्याच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने कमी करणे, ही उपचाराचीच अविभाज्य अंगे मानली जातात.