पाच फण्यांचा नाग आणि खोटी साक्ष

पाच फण्यांच्या नागाचे छायाचित्र अधूनमधून भ्रमणध्वनीवरून घरोघरी येते आणि वडीलधारी माणसेही हात जोडतात. दोन तोंडांचा साप क्वचित जन्मास येतो, हे खरे. परंतु पाच फण्यांचा नाग कोणाही अभ्यासकाच्या हाती आलेला नाही. पूर्वी अशा बनावास हस्तकौशल्य लागे. आता संगणकास चार शब्द सांगितले की पुरते.

अशा वेळी आम्हांस कुडाळजवळचे पिंगुळी आठवते. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथीकार एकामागून एक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातील कथा गातात. ही कला जतन करणारे परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रातील दहा तोंडांचा रावण पाहून कोणी फसत नाही. कारण 'हे मी डोळ्यांनी पाहिले' असे चित्रकथीकार म्हणतच नाही. तो कथा सांगतो, साक्ष देत नाही. बनावट छायाचित्र मात्र साक्षीदाराचे सोंग घेते.

म्हणून पुराव्यास विचारावे : कोणी पाहिले? केव्हा नोंदले? हाच निकष आपल्या घरातही लावावा. संत जॉर्ज चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झाले, अशी परंपरा आहे. त्यांच्या भाल्याखालचा ड्रॅगन मात्र कित्येक शतकांनंतर कथेत शिरला. संतचरित्रांची अशी छाननी येशूसंघीय फादर जाँ बोलाँ यांनी हाती घेतली. त्यांचे पहिले खंड १६४३ साली अँटवर्प येथे निघाले. त्यामुळे श्रद्धा ढळली नाही. हुतात्म्याविषयीचा आदर राहिला आणि ड्रॅगन हे दुष्टाईचे प्रतीक म्हणून उरले.

परंतु संशयासही मर्यादा हवी. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसचे कातडे इंग्लंडात पोहोचले, तेव्हा बदकाची चोच कोणी शिवून जोडली असावी, अशी शंका विद्वानांस आली. १७९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना जॉर्ज शॉ यांनीही ती बोलून दाखविली. तथापि त्यांनी कातडे फेकून न देता बारकाईने तपासले. पुढे आणखी नमुने आले आणि तो विचित्र प्राणी खरा ठरला. संत थॉमस यांनीही जखमा पाहण्याचा आग्रह धरला, आणि पटल्यावर गुडघे टेकले.

खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपण मुलांकडून पाठ करवून घेतो. आलेले चित्र न तपासता 'खरे आहे' म्हणून पुढे धाडणे, हेही त्या आज्ञेचे उल्लंघनच होय. ते कोठून आले हे ठाऊक नसेल, तर ते आपल्यापाशीच थांबवावे.