मृत्युपत्राला न जुमानणारा फॉर्म

नव्या नोकरीत सह्यांसाठी कागदांचा जो गठ्ठा पुढे यायचा, त्यात प्रॉव्हिडंट फंडाचा ‘फॉर्म 2’ हमखास असे. आता हे काम ऑनलाइन होतं, पण जुना कागद एकदा नीट वाचण्यासारखा आहे. नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं, जन्मतारीख, हिस्सा; नॉमिनी अज्ञान असेल तर पालकाचं नाव. आणि रकान्यांखाली एक प्रतिज्ञा: मला कुटुंब नाही, पुढे झाल्यास हे नामांकन रद्द समजावं. लागू नसेल ते खोडा, अशी सूचनाही असे. खोडतो कोण! सही ठोकून मंडळी मोकळी व्हायची.

या कागदाचं कूळ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात सापडतं. तिथल्या कामगारांच्या ‘फ्रेंडली सोसायट्या’ होत्या. थोडीथोडी वर्गणी भरायची. आजारपणात मदत मिळायची, माणूस गेला की घरच्यांच्या हाती काही रक्कम पडायची. ती रक्कम एवढी लहान की वकील आणि प्रोबेट यांच्या खर्चातच संपावी. म्हणून कायद्याने मुभा दिली. सभासदाने हयातीत एक नाव लेखी कळवून ठेवायचं आणि त्याच्यामागे सोसायटीने त्या माणसाला थेट पैसे द्यायचे. आधी 50 पौंडांपर्यंत असलेली ही मुभा 1883च्या कायद्याने 100 पौंडांवर नेली. गरिबाचं मृत्युपत्रच म्हणा ना.

मग खऱ्या मृत्युपत्राने हे नाव बदलता येतं का? इंग्लंडच्या कायद्याने पुढे स्पष्टच लिहिलं: नाही. मला हे रास्त वाटतं. कुणाच्या ट्रंकेत कोणता कागद निघेल याची वाट पाहत सोसायटीचा चिटणीस पैसे अडवून बसला, तर मुभेचा उपयोग काय? लग्न झालं की मात्र जुनं नामांकन आपोआप बाद होई. ‘फॉर्म 2’वरची ती प्रतिज्ञा याच घराण्यातली.

भारतात प्रॉव्हिडंट फंडाचा पहिला कायदा 1897चा, त्याच्या जागी 1925चा आला. सरकारी व तत्सम फंडांसाठी असलेल्या या कायद्याच्या पाचव्या कलमात मृत्युपत्राचा थेट उल्लेख आहे. वर्गणीदाराने मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो, इतरांना वगळून रक्कम घेण्याचा हक्क नॉमिनीचा. खासगी नोकरदारांची योजना 1952ची. तिथेही नाव बदलायचं तर नवं नामांकनच भरावं लागतं. शिवाय सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा.

इथवर सगळं इंग्रजी वळणाचं. फाटा फोडला तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाने. ऐंशीच्या दशकात गाजलेल्या सरबती देवी खटल्यात प्रश्न विम्याचा होता. नॉमिनी पत्नी होती, पण मृत्युपत्र नव्हतं. न्यायालयाने आई, पत्नी आणि मुलगा या तिघांचाही हक्क मान्य केला. नॉमिनी पैसे घेणारा, मालक नव्हे, हे सूत्र तिथून पक्कं झालं. 2009च्या शिप्रा सेनगुप्ता खटल्यात ते प्रॉव्हिडंट फंडालाही लागलं. बँकेतल्या एका कर्मचाऱ्याने लग्नाआधी आईचं नाव लावलं होतं, लग्नानंतर ते तसंच राहिलं. न्यायालयाने विधवेला निम्मा वाटा दिला. तो मिळवायला नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिची जवळजवळ एकोणीस वर्षं गेली, हे निकालाच्या आनंदात विसरू नये. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतला घोळ 2023च्या शक्ती यझदानी निकालाने मिटवला. तो वाद मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला होता. विम्यात मात्र 2015 पासून उलटी सोय आहे. आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर सहसा पैसा त्यांच्याच मालकीचा होतो.

तेव्हा प्रॉव्हिडंट फंडापुरतं उत्तर दोन तुकड्यांत येतं. मृत्युपत्राने नॉमिनी बदलत नाही. कार्यालय फॉर्मवरच्या नावालाच पैसे देणार. त्या पैशावर हक्क सांगायचा, तर वारसांना नॉमिनीविरुद्ध वेगळा दावा लावावा लागतो. कार्यालय त्या भांडणात पडत नाही. लग्न झालेल्यांनी, घटस्फोट घेतलेल्यांनी आणि ज्यांचा नॉमिनी वारला आहे त्यांनी आजच आपलं खातं उघडून कोणाचं नाव आहे ते पाहावं.