मान्यतेच्या आधीचा ससा

मंडळी, जातिवंत बैल कसा ओळखावा हे तुम्हांला शिकवायला नको. शिंगे, वशिंड, रंग पाहून बाजारात तुम्ही चटकन सांगाल, हा खिलार, तो डांगी. पण ज्याची जात अजून ठरलेलीच नाही, असे जनावर कोणी प्रदर्शनात आणले तर? युरोप-अमेरिकेतील ससे पाळणाऱ्यांपुढे हा प्रश्न वारंवार आला.

१९१९ साली फ्रान्समधील सार्त भागात एका शेतकऱ्याकडे साध्या सशांच्या विणीत एक विचित्र पिल्लू निघाले. सशाच्या अंगावर खाली मऊ लव असते आणि तिच्यावर लांब, राठ केस. ह्या पिल्लाचे राठ केस लवेच्या बरोबरीनेच थांबलेले. मिशाही आखूड नि वाकड्या. असल्या पिल्लाला दुसऱ्या कोणी खोडीचे म्हणून काढून टाकले असते. पण त्याच भागातील अमेदे जिले ह्या धर्मोपदेशकांनी तसले ससे मिळवले आणि त्यांची पैदास चालवली.

येथे शिक्षकमित्रांनी मेंडेलचा नियम आठवावा. हा गुण लपून राहणारा आहे. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो असला, तरच सरासरीने चारांत एक पिल्लू तसे निपजते. मात्र तशाच नर-मादीची जोडी लावली, की सगळी पिल्ले मखमली! १९२४ मध्ये हे ससे पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि ‘रेक्स’ म्हणजे राजा हे नाव जगभर झाले.

आता मान्यतेचे पाहा. अमेरिकेतील ससेपालकांच्या संघटनेत नवी जात किंवा नवा रंग आणणाऱ्याने आधी वजन, केस, रंग ह्यांचे माप लिहून द्यावे लागते. मग राष्ट्रीय अधिवेशनात समितीपुढे त्या मापाचे ससे मांडायचे. एकाच वर्षीचे यश पुरत नाही. तोवर ससा प्रदर्शनात दिसतो, पण सर्वोत्तमाच्या बक्षिसासाठी उभा राहू शकत नाही. मानेभोवती आयाळ असलेल्या ‘लायनहेड’ सशाला ब्रिटनमध्ये २००२ साली मान्यता मिळाली. अमेरिकेत मात्र २०१४ साल उजाडावे लागले.

बक्षीस नाही, पण दाणावैरणीचा खर्च चालूच. मग हा जाच कशासाठी? कारण एखादा देखणा ससा योगायोगानेही निपजतो. त्याला जात म्हणून विकले आणि पिल्ले भलतीच निघाली, तर नाडला जातो तो घेणारा. मान्यता एका सशाच्या रूपाला नसते. ती त्याच्या वंशाच्या भरवशाला असते.

तेव्हा तुमच्या गोठ्यात कधी आगळे करडू वा वासरू जन्मले, तर त्याला लगेच विकू नका आणि लगेच मिरवूही नका. आईबाप कोण, पुढची वीण कशी झाली, ह्याची वहीत नोंद ठेवा. जातीचा इतिहास अशाच वहीतून सुरू होतो.