दुर्बीण पोटात कशी पोचली?

श्रोतेहो, ‘पोटात दुर्बीण घालून तपासायचं आहे,’ असं डॉक्टर म्हणाले, की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. काही जण त्या भीतीपायी तपासणी पुढे ढकलतात. पण दुखणं काही थांबून राहत नाही. म्हणून आज या दुर्बिणीचा इतिहास थोडक्यात सांगणार आहे. वस्तूची ओळख झाली, की तिची धास्ती कमी होते.

मुळात अडचण काय होती, ती पाहा. आपलं पोट म्हणजे काळोखी कोठडी. आत पाहायचं तर बाहेरचा उजेड आत गेला पाहिजे आणि आतलं चित्र बाहेर आलं पाहिजे. आता उजेड चालतो सरळ रेषेत, आणि घशातून जठराकडे जाणारी वाट तर वाकडी! ही गाठ सुटायला दीडशे वर्षं लागली.

जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरी फिलिप बोझिनी नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८०६ साली एक यंत्र जगापुढे मांडलं. पत्र्याच्या पात्रात एक मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे नळी. व्हिएन्नाच्या पंडितांनी त्याचं फारसं स्वागत केलं नाही. पुढे १८०९ साली, तापाच्या रोग्यांची सेवा करताना बोझिनींना स्वतःलाच ताप आला आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. पण वाट दाखवून गेले.

१८६८ साली फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांनी मोठी युक्ती केली. तलवार गिळून दाखवणारा एक खेळकरी त्यांनी गाठला. मान मागे टाकली, की तोंडापासून जठरापर्यंतची वाट सरळ होते, हे त्या खेळकऱ्याला ठाऊक होतं. त्याच्या घशातून त्यांनी धातूची सरळ नळी जठरापर्यंत नेली. नळी पोचली खरी, पण दिव्याचा उजेड अपुरा पडला. शिवाय रोगी म्हणजे काही तलवार गिळणारा नव्हे! १९३२ साली रुडोल्फ शिंडलर यांनी खालचं टोक थोडं वाकेल अशी भिंगांची नळी आणली. त्रास कमी झाला, तरी जठराचे काही कोपरे दिसेनातच.

खरी किल्ली निराळ्याच ठिकाणी सापडली. १८४१ साली जिनिव्हाचे शास्त्रज्ञ कोलाडोन यांनी दाखवलं होतं, की पाण्याची धार वळली तर तिच्या आतला उजेडही तिच्याबरोबर वळतो. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाशी बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि खोलीत अंधार करा. भोकाच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा झोत धरा. बाहेर पडणाऱ्या धारेखाली तळहात धरला, की त्यावर उजेडाचा ठिपका दिसेल. धारेच्या कडेवर तिरपा आदळलेला किरण बाहेर न निसटता पुन्हा आतच वळतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात.

पाण्याऐवजी केसासारखे बारीक काचतंतू घेतले तर? इथे आपल्या देशातला एक माणूस या कथेत येतो. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आग्रा विद्यापीठात शिकून लंडनला गेले. तिथे हॅरल्ड हॉपकिन्स या प्राध्यापकांबरोबर त्यांनी हजारो काचतंतूंची जुडी बांधली. प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेई. जुडी वाकवली तरी पलीकडे चित्र उमटे. जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं.

एक उणीव मात्र होती. तंतू एकमेकांना चिकटले, की उजेड झिरपून जाई. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने १९५६ च्या अखेरीस काचेच्या तंतूवर निराळ्या काचेचंच आवरण चढवलं आणि गळती थांबली. त्याचे सहकारी डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये ती लवचिक दुर्बीण आधी स्वतः गिळून पाहिली. मग थोड्याच दिवसांत ती रोग्यासाठी वापरली. बघा, रोग्याच्या आधी डॉक्टर!

पुढची पावलं भराभर पडली. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वोल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी पोट न फाडता, दुर्बिणीतूनच तारेचा फास घालून मोठ्या आतड्यातली गाठ काढली. १९८३ साली नळीच्या टोकाशी इवलासा कॅमेरा बसला आणि चित्र पडद्यावर दिसू लागलं. मग जपानी संशोधकांनी उजेडच गाळून घेतला. रक्त निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेतं. म्हणून तेवढेच दोन रंग सोडले, तर वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी नक्षीसारख्या उठून दिसतात. कर्करोगाच्या सुरुवातीला ही नक्षी बिघडते. साध्या उजेडात जी जागा नजरेतून सुटली असती, ती आता सापडू शकते.

श्रोतेहो, खरं मोल इथेच आहे. सुरुवातीला सापडलेला रोग पुष्कळदा दुर्बिणीतूनच काढता येतो. उशिरा सापडला, तर मोठी शस्त्रक्रिया करूनही कधी कधी हात टेकावे लागतात. घास गिळताना अडकत असेल, शौचाला काळं किंवा रक्त पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दुर्बीण सुचवली, तर घाबरून घरी परतू नका. घशात बधिर करणारं औषध मारतात, आणि वरची तपासणी बहुधा काही मिनिटांत उरकते. जे पाहण्यासाठी दीडशे वर्षं एवढ्या माणसांनी खटपट केली, ते वेळेवर पाहून घेणं आता आपल्या हाती आहे.