हाक आणि नजर : अंतराच्या आकलनाचा इतिहास व आभासी वास्तव

प्रस्तावना :
मोजणीची साखळी आणि मैलाचा दगड येण्यापूर्वी अंतराचा अंदाज डोळा व कान यांवरच अवलंबून होता. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘नजरेच्या टप्प्यात’ हे मराठी वाक्प्रचार त्याची साक्ष देतात. ‘कोस’ हा शब्दही संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे आरोळी यावरून आला आहे. या जुन्या जाणिवेचा आभासी वास्तवाशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

परिसरातील अनुभव :
नांदगाव तालुक्यातील मनमाडहून दिसणारा अंकाईचा किल्ला पावसानंतरच्या स्वच्छ हवेत जवळ भासतो, उन्हाळ्यातील धुरकट हवेत दूर. नांदगाव स्थानकातील गाडीची शिट्टी रात्री अधिक दूरवर ऐकू येते. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि ध्वनी खाली वळतो. अंतर तेच राहते; बदलते ती जाणीव.

ऐतिहासिक दाखले :
मद्रास येथे जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८२०-२१ मध्ये तोफेचा प्रकाश दिसणे व आवाज ऐकू येणे यांतील कालावधी नोंदवून ध्वनीचा वेग काढला. येथे दृष्टी आणि श्रवण यांतील तफावत हेच मोजमापाचे साधन झाले. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण बाजीप्रभूंना तोफांच्या आवाजाने मिळाली, असे परंपरा सांगते. गड नजरेआड असताना वार्ता कानाने पोहोचली, हे येथे लक्षणीय आहे.

आभासी वास्तवातील अंतर :
आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवण्याचे दृश्यसाधन सादर केले. अशा साधनांतून पाहणारा अंतर प्रत्यक्षाहून कमी समजतो, असे पुढील अनेक प्रयोगांत आढळले. नव्या साधनांत ही त्रुटी कमी झाली, परंतु संपलेली नाही. दूरच्या ध्वनीचे अंतरही माणूस सामान्यतः कमीच आजमावतो. शिवाय आवाज दिसणाऱ्या वस्तूकडूनच येतो, असे मन मानते. ध्वनीस एक किलोमीटरला सुमारे ३ सेकंद लागतात. सुमारे दोन मैलांच्या कोसावरील तोफेचा आवाज ९ ते १० सेकंदांनी यावयास हवा. आभासी दृश्यात तो प्रकाशाबरोबरच ऐकवला, तर दूरची तोफ जवळची ठरते.

निष्कर्ष :
आभासी गडदर्शन हे इतिहास अध्यापनाचे उपयुक्त साधन ठरू शकते. तथापि अंतर आकसले की वेढा, पाठलाग व कूच यांमागील श्रमही आकसतात. म्हणून अशा दृश्यात मोजलेले अंतर, ध्वनीचा विलंब आणि शक्य तेथे प्रत्यक्ष पायी भेट यांची जोड देणे आवश्यक आहे.